अपुऱ्या चित्राची ओढ

खळ्याच्या मधोमध तिवडा, त्याभोवती फिरणारी बैलांची पात आणि खुरांखाली मोकळे होणारे धान्य. मलकापूर-कराड परिसरातील साठी ओलांडलेल्यांना मळणीचे हे दृश्य समजावून सांगावे लागत नाही. फ्रान्समधील कामार्ग भागात हेच काम घोडे करीत. प्राणीचित्रांसाठी जगभर गाजलेल्या रोझा बोनर (१८२२-१८९९) यांनी १८६४ च्या सुमारास हा विषय रंगवायला घेतला. सहा मीटरांहून रुंद असलेल्या या चित्राकडे त्या मधूनमधून वळत राहिल्या. तरी ३५ वर्षांनी, त्यांच्या मृत्यूच्या वेळीही ते अपुरेच होते. आज ते बोर्डो येथील संग्रहालयात आहे.

बोनर यांनी कत्तलखान्यात जाऊन प्राण्यांची शरीररचना अभ्यासली होती. पण धावत्या घोड्याचे पाय नेमके कसे पडतात, हे नुसत्या डोळ्यांना टिपता येत नाही. ते १८७८ मध्ये मायब्रिज यांच्या छायाचित्रांतून स्पष्ट झाले. चारही खूर जमिनीवरून सुटतात ते पाय पोटाखाली जवळ आलेले असताना. चित्रकार मात्र पिढ्यान्‌पिढ्या ते पुढे-मागे ताणलेले दाखवीत होते.

अर्धवट सोडलेले काम माणसाला पुन्हा का बोलावते? मारिया ओव्हसियान्किना यांनी १९२८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत लोकांना छोटी कामे देऊन मध्येच थांबवले. मोकळीक मिळताच, कोणी सांगितले नसतानाही, बहुतेकांनी ते काम पुन्हा हाती घेतले. अडलेल्या कामातून काही काळ बाजूला झाल्यास उत्तर सुचण्याची शक्यता वाढते, असेही नंतरच्या अभ्यासांत आढळले. म्हणजे काम बाजूला ठेवणे हा दरवेळी आळस नसतो.

मात्र ही ओढच आटली, तर कारण शोधायला हवे. चाळिशीनंतर जवळचे अंधूक दिसते. मोतीबिंदूत रंग फिके, पिवळसर वाटू लागतात. हाताला कंप सुटतो. "आता वय झाले" म्हणून कुंचला, हार्मोनियम किंवा शिवणयंत्र कोपऱ्यात जाते. प्रत्यक्षात चष्मा, शस्त्रक्रिया किंवा औषधाने बराच फरक पडू शकतो.

दुःखाचेही तसेच. अनेक दशकांची सोबतीण नाताली मिका १८८९ मध्ये वारल्यावर बोनर खचल्या. तरी त्याच वर्षी त्यांनी बफेलो बिल यांचे घोड्यावर बसलेले चित्र रंगवले. प्रत्येकाला असे सावरता येत नाही. आवडीच्या कामातला रस जाऊन दोन आठवडे उलटले, त्यासोबत झोप बिघडली, भूक मंदावली, थकवा राहू लागला, तर ते नैराश्य असू शकते. त्यावर उपचार आहेत. जिल्हा रुग्णालयातही ते मिळतात. जगणे नकोसे झाल्याचे बोलणे कानावर आले, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. 'टेलिमानस'चा १४४१६ हा मोफत क्रमांक दिवसरात्र सुरू असतो.

बरे वाटू लागल्यावर सगळे चित्र एका बैठकीत पुरे करायचा हट्ट नको. रोज वीस मिनिटे, चांगल्या उजेडात, एखादा पाय किंवा एखादा कान एवढेच हाती घ्यावे.