छतांतून येणारा शब्द
[नभोवाणीवर केलेलें भाषण]



गेल्या पावसाळ्यांत माझ्या धाकट्या बंधूंची शस्त्रक्रिया झाली. त्या वेळीं रुग्णालयाच्या प्रतीक्षा-दालनांत मला तीन तास बसावें लागलें. दालन लांबट, जमीन संगमरवरी, भिंती गुळगुळीत, आणि एका टोकाला उंचावर एक भला मोठा कर्णा. दर पांच-दहा मिनिटांनीं त्यांतून गर्जना होई. जवळचीं माणसें दचकत, मुलें रडूं लागत. आणि दुसऱ्या टोकाला बसलेल्या आम्हांला, कोणाला तरी कोठें तरी बोलावलें आहे, एवढाच बोध होई. शस्त्रक्रिया सुखरूप पार पडल्यावर त्या कर्ण्यानें माझें नांव तीन वेळां पुकारलें, असें मला मागाहून कळलें. आवाज मीं तिन्ही वेळां ऐकला होता. पण तें नांव माझें आहे हें कांहीं समजलें नाहीं. अर्धा तास मी विनाकारण देवाचा धांवा करीत बसलों.

इमारतींत ध्वनियंत्रणा बसविण्याचा व्यवसाय करणारा माझा एक जुना विद्यार्थी आहे. त्याला हा प्रसंग सांगितला तेव्हां तो म्हणाला, "गुरुजी, तेथें आवाज कमी नव्हता, कर्णे कमी होते." ह्या एका वाक्याचा अर्थ आज आपणांस उलगडून सांगावा, असा माझा विचार आहे.

ऐकूं येणें आणि समजणें ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत. मोकळ्या जागेंत उगमापासूनचें अंतर दुप्पट झालें कीं ध्वनीची पातळी सुमारें 6 डेसिबेलांनीं उतरते. एक मीटरवर 90 डेसिबेल असेल, तर दोन मीटरवर 84, चार मीटरवर 78 आणि आठ मीटरवर 72. म्हणजे शेवटच्या रांगेसाठीं आवाज चढवावा, तर पहिल्या रांगेचे कान किटतात.

बंदिस्त दालनांत दुसरा शत्रू असतो तो रेंगाळणाऱ्या नादाचा. अमेरिकेंतील हार्वर्ड विद्यापीठाच्या फॉग संग्रहालयांत एक व्याख्यानगृह होतें. तेथें उच्चारलेला शब्द पांच सेकंदांहून अधिक काळ घुमत राही. तेवढ्या वेळांत वक्त्याचे पुढचे दहा-बारा शब्द त्यांत मिसळून जात. वॉलेस सॅबाईन ह्या तरुण अध्यापकानें 1895 सालीं ह्याचा शोध आरंभिला. दुसऱ्या एका सभागृहांतील आसनांच्या गाद्या रात्रीं आणून त्यानें तेथें मांडल्या, आणि किती गाद्यांनीं नाद किती लवकर विरतो हें मोजलें. खोली जितकी मोठी तितका नाद अधिक रेंगाळतो, आणि गाद्या, पडदे, माणसें ह्यांसारखे ध्वनि शोषणारे पदार्थ जितके अधिक तितका तो लवकर विरतो, हा नियम त्यांतून निघाला.

आतां मर्म ध्यानांत घ्या. कर्ण्याचा आवाज वाढविला, कीं घुमणारा नादही तितकाच वाढतो. 'साने' कीं 'माने' हा निर्णय पहिल्या व्यंजनावर असतो, आणि व्यंजन तर क्षणभर चमकून जातें. तें घुमणाऱ्या स्वरांखालीं दडपलें जातें. उपाय एकच : ध्वनीचा उगम ऐकणाराच्या कानाजवळ नेणें. एका मोठ्या कर्ण्याऐवजीं छतांत पुष्कळसे लहान स्पीकर बसवावयाचे, ते ह्याकरितां.

ते किती बसवावे, ह्याला शाळेंतली भूमिति पुरते. छत 3 मीटर उंच आहे आणि बसलेल्या माणसाचा कान जमिनीपासून 1.2 मीटरवर आहे असें समजूं. मध्यें अंतर राहिलें 1.8 मीटर. स्पीकरचा आवाज 90 अंशांच्या कोनांत पसरत असेल, तर कानाच्या पातळीवर त्याचें वर्तुळ 3.6 मीटर व्यासाचें होतें. वर्तुळांमध्यें कोपरे कोरडे राहूं नयेत म्हणून स्पीकर चौकटींत अडीच-अडीच मीटरवर ठेवावे, आणि भिंतीपासून सव्वा मीटर. साडेबारा मीटर लांब व दहा मीटर रुंद दालनाला ह्या हिशेबानें पांच गुणिलें चार, म्हणजे वीस स्पीकर लागतात. उंच तारस्वर अरुंद कोनांतच जातात आणि व्यंजनांची ओळख त्यांवरच अवलंबून असते. म्हणून कोन धरतांना उदारपणा करूं नये.

वीस स्पीकरांना एकाच अँप्लिफायरनें शक्ति कशी पुरवावी? खोपोलीच्या जलविद्युत्केंद्रांतील वीज 1915 सालापासून मुंबईस येऊं लागली, ती दाब चढवून. दाब चढविला कीं तेवढ्याच शक्तीसाठीं प्रवाह कमी लागतो, आणि तारेंत उष्णतेच्या रूपानें होणारी नासाडी घटते. येथेंही तीच युक्ति आहे. आपल्याकडे अशा यंत्रणेंत पूर्ण आवाजाला तारेवर 100 व्होल्टांचा दाब धरतात; अमेरिकेंत बहुधा 70 व्होल्ट. साध्या 8 ओहमच्या जोडणींत 120 वॅट नेण्यास जवळजवळ 4 अँपिअर प्रवाह लागतो. 100 व्होल्टांवर केवळ 1.2 अँपिअर पुरतो. त्याच तारेंतली नासाडी सुमारें दशांशावर येते.

प्रत्येक स्पीकरला एक लहान ट्रान्स्फॉर्मर असतो. त्यावर 6, 3, दीड वॅट अशा खुणा असतात. वैद्यानें वयाप्रमाणें मात्रा द्यावी, तशी गजबजलेल्या दालनांत 6 वॅटची आणि रुग्णांच्या खोलींत दीड वॅटची खूण लावावयाची. सर्व स्पीकर एकाच दोन तारांवर समांतर जोडतात. वीस स्पीकर सहा-सहा वॅटचे, म्हणजे 120 वॅट. थोडी शिल्लक ठेवून अँप्लिफायर 150 वॅटचा घ्यावा.

बसविणाराचें कौशल्य बारीक गोष्टींत दिसतें. खोट्या छताच्या नाजूक फरशीवर स्पीकरचा भार ठेवूं नये. आधाराच्या पट्ट्या घालाव्या, आणि वरच्या स्लॅबला पोलादी तारेनें तो निराळा बांधावा. धन टोंक सर्वत्र धनालाच जोडावें. एक जरी उलटें झालें, तरी शेजारचे दोन स्पीकर परस्परांचा आवाज मारतात. विजेच्या तारांपासून ह्या तारा दूर न्याव्या. अँप्लिफायर जोडण्यापूर्वीं सबंध तारेचा विरोध मोजावा. 120 वॅटच्या भाराला तो सुमारें 83 ओहम यावयास हवा. पुष्कळ कमी आला, तर कोठें तरी तारा भिडल्या आहेत, किंवा ट्रान्स्फॉर्मरवांचून एखादा स्पीकर जोडला गेला आहे, असें समजावें. मात्र साधा मीटर येथें फसवितो. प्रत्यावर्ती प्रवाहानें मोजणारा मीटर लागतो.

व्यासपीठावर वक्ता असेल, तर आणखी एक अडचण येते. वक्त्याचा स्वर सतरा मीटर जाण्यास सेकंदाचा विसावा भाग घेतो. परंतु तारेंतून छतापर्यंत तो तत्काळ पोंचतो. वक्ता समोर, आणि आवाज डोक्यावरून! हेल्मुट हास ह्यानें 1949 सालीं दाखविलें कीं, दोन सारखे आवाज थोडक्या अंतरानें आले, तर पहिला जिकडून आला तिकडूनच दोन्ही आले असें कानाला वाटतें. म्हणून छतांतला आवाज जाणून-बुजून किंचित् उशिरा सोडतात. लंडनच्या सेंट पॉल प्रार्थनामंदिरांत 1950 नंतरच्या आरंभींच्या वर्षांत हा विलंब फिरत्या चुंबकीय चकतीवर आवाज उमटवून साधला होता; आज तें काम अंकगणिती यंत्र करतें.

हा सारा खटाटोप केवळ सोयीसाठीं नाहीं. आग लागली असतां घंटा फक्त 'पळा' म्हणते. कोणत्या जिन्यानें पळावें हें शब्दच सांगूं शकतो. म्हणून जेथें ही यंत्रणा संकटाच्या सूचनेसाठीं असते, तेथें स्पीकर दोन निराळ्या तारांवर एकाआड एक जोडतात. एक तार तुटली, तरी दालन मुकें होत नाहीं. आगींत टिकणारी तार आणि वीज गेल्यावर चालणारी बॅटरीही तेथें हवी.

आपल्या सोसायटीचें, शाळेचें किंवा देवस्थानाचें सभागृह व्हावयाचें असेल, तर पैसे चुकते करण्यापूर्वीं एक परीक्षा अवश्य घ्या. माझ्यासारख्या जुन्या मास्तराला सुचली, म्हणून हंसूं नका. सभागृह माणसांनीं भरलें असतां एकानें मायक्रोफोनवरून पंचवीस अपरिचित नांवें एकेकदांच वाचावीं. निरनिराळ्या जागीं, विशेषतः कोपऱ्यांत व शेवटच्या रांगेंत, एकेक वृद्ध मनुष्य कागद-पेन्सिल देऊन बसवावा आणि त्यानें तीं नांवें लिहून घ्यावीं. मग कागद तपासा. जेथें चुका अधिक, तेथें स्पीकर कमी पडला आहे, उलटा जोडला गेला आहे, किंवा भिंतीला पडद्याची गरज आहे. कंत्राटदार तुम्हांला वॅट सांगेल. तुम्ही त्याला हे कागद दाखवा.