पाहणी गटाची, निकाल मंडळाचा

घनसावंगी तालुक्यातील जांब या गावाच्या नावाला ‘समर्थ’ जोडले गेले ते रामदासस्वामींमुळे. १६०८ साली त्यांचा जन्म येथे झाला. त्यांच्या ठोसर घराण्याकडे कुलकर्णीपण होते, असे परंपरा सांगते. कुलकर्णी म्हणजे गावाचा लेखनिक. जमीन कुणाची, पेरले काय, सारा किती, हे सारे त्याच्या दप्तरात असे. शेतीतील ‘डेटा’चा विचार मी याच गावापासून सुरू करतो, कारण शब्द नवा असला तरी शेताची नोंद नवी नाही. बदलला आहे तो लिहिणारा हात.

सातबाऱ्यातील सातवा नमुना हक्काचा, बारावा पिकांचा. हा बारावा नमुना पूर्वी तलाठी भरत असे. नियमाने तो बांधावर जाऊन भरायचा. प्रत्यक्षात पुष्कळदा चावडीवर बसूनच भरला जाई. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ‘ई-पीक पाहणी’ सुरू झाली आणि हे काम शेतकऱ्याच्या मोबाइलवर आले. गट क्रमांक निवडायचा, पीक आणि क्षेत्र भरायचे, शेतात उभे राहून फोटो काढायचा. फोटोबरोबर अक्षांश-रेखांशही नोंदले जातात. नुकसानभरपाई, पीकविमा, हमीभावाची खरेदी या सगळ्यांत ही नोंद पाहिली जाते. म्हणजे आपल्या शेताचा पुरावा आता शेतकरी स्वतःच तयार करतो.

पण इतक्या बारकाईने गोळा केलेल्या माहितीवर निर्णय कोणत्या पातळीवर होतो? बहुतेक वेळा महसूल मंडळाच्या. एका मंडळात अनेक गावे येतात. ‘महावेध’ प्रकल्पातून राज्यात दोन हजारांहून अधिक स्वयंचलित हवामान केंद्रे उभी राहिली, तीही मंडळनिहाय. चोवीस तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस झाला की ती अतिवृष्टी. मात्र हा पाऊस केंद्रावरच्या पर्जन्यमापकात पडावा लागतो. मराठवाड्यातला पाऊस कसा पडतो हे येथील कुणालाही सांगावे लागत नाही. एका शिवारात ओढा बांध फोडून जातो आणि शेजारच्या शिवारात धूळ उडते.

पीकविम्यातही हेच दिसते. स्थानिक आपत्तीत नुकसान झाले तर ७२ तासांत कळवून आपल्या एकट्या शेताची पाहणी मागण्याची सोय होती. खरीप २०२५ पासून राज्याने ती काढली. आता भरपाई ठरते ती पीक कापणी प्रयोगावर. मंडळातील काही शेतांत ठरावीक मापाचे तुकडे कापून उत्पादन मोजायचे, सरासरी काढायची आणि ती उंबरठा उत्पन्नाशी ताडून पाहायची. या पद्धतीच्या बाजूनेही बोलता येते. ती स्वस्त आहे, आणि एकट्या शेतकऱ्याला खोटा दावा करून फायदा उठवता येत नाही. पण ज्याचे एकट्याचेच पीक वाहून गेले, तो सरासरीत कुठेच दिसत नाही.

उपग्रह ही उणीव भरून काढतील, असे म्हटले जाते. युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांची चित्रे दर पाच दिवसांनी मिळतात आणि त्यांतील एक ठिपका दहा मीटरचा असतो. एका एकरात असे चाळीस ठिपके बसतात. मात्र पिकाला खरी गरज असते त्या श्रावण-भाद्रपदात ढग आड येतात. रडार ढगांपलीकडचे पाहते, पण त्याचे चित्र वाचायला शेतात जाऊन केलेली खरी नोंद आधी लागते. म्हणजे यंत्र पुन्हा शेतकऱ्याच्या फोटोपाशीच येते.

दुसरा प्रश्न नोंदीत कोण नाही, हा आहे. डिसेंबर २०२४ पासून राज्यात ‘ॲग्रिस्टॅक’चा शेतकरी ओळख क्रमांक देणे सुरू झाले. तो जमिनीच्या अभिलेखाला जोडलेला आहे. आमच्या भागात ठोक्याने, बटईने शेती करणारे कमी नाहीत. बी, खत, घाम त्यांचा; ओळख क्रमांक मालकाचा. खुरपणी-वेचणी करणाऱ्या, पण सातबाऱ्यावर नाव नसलेल्या बाईचेही तेच.

माल बांधाबाहेर गेला की काय होते, हे द्राक्षाने दाखवले आहे. २००३ साली युरोपात भारतीय द्राक्षांत कीडनाशकांचे अंश सापडले. त्यानंतर ‘अपेडा’ने ‘ग्रेपनेट’ उभारले. बाग नोंदवली जाते, अंश तपासले जातात आणि पेटी कोणत्या बागेतली हे परदेशातही कळते. जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन आहे. तरी बाग उक्ती दिली आणि ट्रक भरला की फळामागचा गट क्रमांक पुसला जातो. चांगल्या बागेचे फळ आणि सामान्य फळ एकाच ढिगात जाते. येथे नोंद नसण्याचा तोटा शेतकऱ्यालाच होतो.

नोंद लिहिणाऱ्यापेक्षा जास्त जगते. २०२३ साली अंतरवाली सराटीच्या आंदोलनानंतर न्यायमूर्ती शिंदे समितीने निजामकालीन महसुली कागदांतून कुणबी नोंदी शोधल्या. साऱ्यासाठी लिहिलेले कागद नातवंडांच्या आरक्षणासाठी वाचले गेले. आज मोबाइलवरून जाणारी नोंद उद्या कोण, कशासाठी वाचेल, हे आपल्या हाती नाही. म्हणून तीन गोष्टी आजच मागायला हव्यात असे मला वाटते : नोंद ज्या गटाची, निर्णयही शक्य तितका त्याच गटाचा, कसणाऱ्याचे नाव मालकाच्या नावाशेजारी, आणि चूक आढळली तर ती दुरुस्त करून घेण्याचा सोपा हक्क. एवढे झाले नाही, तर कुलकर्ण्याचे दप्तर फक्त मोठे झाले, इतकेच म्हणता येईल.