जुन्या घाटाची भांडी

मुंबईच्या चोरबाजारातल्या मटण स्ट्रीटवर गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: माल खरा की नकली? चिनी कांस्यभांड्यांपुढे हा प्रश्न अपुरा पडतो. शांग आणि झोऊ काळातली, म्हणजे सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीची भांडी डोळ्यांपुढे ठेवून त्याच घाटाची नवी भांडी चीनमध्ये निदान सोंग काळापासून राजरोस ओतली गेली. त्यांतली बरीचशी कुणाला फसवण्यासाठी नव्हतीच.

पुढाकार घेतला सोंग दरबारानं. ११०४ साली सहा प्राचीन घंटा जमिनीतून निघाल्या. सम्राट हुइझोंगनं पुढच्याच वर्षापासून त्यांच्या नमुन्यावर ‘दाशेंग’ घंटा ओतवून घेतल्या. दरबारी संग्रहातल्या ८३९ वस्तूंची सचित्र सूचीही तयार झाली. मग ११२७ मध्ये उत्तरेकडून आलेल्या जुर्चेन लोकांनी राजधानी काइफेंग लुटली, संग्रह गेला, खुद्द हुइझोंगही कैदेत पडला. दक्षिणेत हांगझोऊला बस्तान हलवलेल्या दरबाराला पूजाविधी तर करायचेच होते. मूळ भांडी हाताशी नाहीत, तेव्हा चित्रं समोर ठेवून ओताऱ्यांनी काम केलं. चित्रात भांड्याची जाडी कळत नाही.

घाट तोच राहिला, काम बदललं. ‘गू’ हा मुळात मद्याचा उंच पेला. कंबरेत बारीक, वर कर्ण्यासारखा उघडलेला. मिंग आणि छिंग काळात तो फुलदाणी झाला. मांस शिजवायच्या तीन पायांच्या ‘डिंग’मध्ये ऊद जळू लागला. भांड्याच्या अंगावरचा ‘ताओतिये’ हा मुखवटा मात्र कायम: वटारलेले डोळे, आणि खालचा जबडाच नाही. आपल्या देवळांच्या उंबऱ्यावरचं कीर्तिमुख ज्यानं नीट पाहिलंय, त्याला हा चेहरा परका वाटणार नाही.

लबाडी झाली ती बाजारात. मातीत शतकानुशतकं चढणारा हिरवा जंगाल आम्ल आणि नवसागर वापरून लवकर आणता येतो. म्हणून जाणकार रंगावर विसंबत नाहीत, ते ओतकाम पाहतात. शांग काळचे ओतारी मातीचे साचे तुकड्यातुकड्यांनी जोडत. त्या सांध्यांच्या खुणा भांड्यावर उरतात. नंतरच्या काळात मेणाच्या साच्याची पद्धत रुळली, तिथं तसे सांधे नसतात. भांड्यावरचा लेख साच्यातच ओतलेला आहे की मागाहून छिन्नीनं कोरलाय, हेही बघितलं जातं.

मुंबईत चिनी कला पाहायची तर छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जावं. सर रतन टाटा (१८७१–१९१८) आणि सर दोराबजी टाटा (१८५९–१९३२) या भावांच्या संग्रहांतून तिथं चिनी पोर्सिलेन, जेड, तपकिरीच्या कुप्या आल्या. आणि ती इमारत तरी काय आहे? १९१४ मध्ये पुरी झालेली, जॉर्ज विटेटनं विजापूरच्या गोल घुमटाच्या वळणावर घुमट चढवलेली वास्तू. तिला कुणी नकली म्हणत नाही. मग अठराव्या शतकातल्या छिएनलोंग बादशहाच्या काळच्या ‘गू’लाच का म्हणावं?

आपला १९७२ चा पुरावस्तू कायदाही घाट विचारत नाही, वय विचारतो. कलाकुसरीची वस्तू शंभर वर्षांची झाली की ती पुरावस्तू: तिच्या विक्रीचा धंदा करायला परवाना लागतो, आणि खासगी माणसाला ती देशाबाहेर नेता येत नाही. तेव्हा कुणी ‘शांग काळचं’ म्हणून भांडं पुढे केलं, तर घासाघीस करण्याआधी दुकानदाराचा परवाना बघा, आणि तो काळ बिलावर लिहून मागा.