लिहिले ‘ढोल’, उमटले ‘टोल’! कीबोर्ड बटण का गिळतो? ब्रेल लिहिणाऱ्यांसाठी उपाय

साध्या टायपिंगला एका वेळी एकच बटण दाबतात, म्हणून कीबोर्डमधली ही खोट सहसा लक्षात येत नाही. दृष्टिहीन विद्यार्थी ब्रेलमध्ये टाईप करायला बसला, की ती उघडी पडते.

ब्रेलचे अक्षर सहा ठिपक्यांतून बनते आणि त्या अक्षराचे सगळे ठिपके एकदम दाबायचे असतात. संगणकावर त्यासाठी बहुधा एफ, डी, एस आणि जे, के, एल ही बटणे वापरतात. मराठीच्या भारती ब्रेलमध्ये ‘ढ’ला सहाही ठिपके लागतात. पहिला ठिपका गेला, तर उरतो ‘ट’. चूक मशीनची, पण मार्क जाणार मुलाचे.

असे का होते?

शंभरेक बटणांना वेगवेगळी तार देणे महाग पडते. म्हणून आत आडव्या-उभ्या तारांची जाळी असते आणि दोन तारा जिथे ओलांडतात तिथे एक बटण. चौकोनाच्या तीन कोपऱ्यांवरची बटणे एकदम दाबली, की वीज उलटी फिरते आणि न दाबलेले चौथे बटणही दाबल्यासारखे भासते. हा घोळ टाळायला बरेच स्वस्त कीबोर्ड जादा बटण मोजतच नाहीत.

उपाय काय?

मोठ्या कीबोर्डमध्ये प्रत्येक बटणाला डायोड लावतात. विहिरीवरच्या मोटरीचा फूट व्हॉल्व्ह पाणी मागे जाऊ देत नाही, तसा डायोड वीज मागे फिरू देत नाही.

ब्रेलचे काम त्याहून सोपे. सहा ठिपके आणि स्पेस, मिळून सातच बटणे. रास्पबेरी पाय पिको या छोट्या बोर्डावर जोडणीच्या 26 पिना असतात. प्रत्येक बटणाची एक तार स्वतंत्र पिनेला, दुसरी ग्राउंडला जोडायची. जाळीच नाही, म्हणून डायोडही नको.

बोटे अगदी एकाच क्षणी टेकत नाहीत. त्यामुळे बोर्डातला प्रोग्राम सगळी बोटे उचलेपर्यंत थांबतो आणि मग अक्षर ठरवतो. संगणकावर मराठी इनस्क्रिप्ट ठेवले, तर त्या अक्षराचे बटण बोर्डच यूएसबीतून पाठवतो.

आधी तपासा

इंग्रजीत नोटपॅड उघडून वरची सहा बटणे एकदम दाबा. वेगवेगळ्या जोड्याही दाबून बघा. दर वेळी सगळी अक्षरे उमटली, तर आहे तो कीबोर्ड चालेल, नवा बनवायची गरज नाही.