सात हजार दगड, सात हजार झाडे

जर्मनीतील कासेल नगरात ‘डॉक्युमेन्टा’ नावाचे आधुनिक कलेचे मोठे प्रदर्शन भरत असते. १९८२ साली तेथील फ्रिडेरिसियानुम संग्रहालयासमोर लोकांस एक विलक्षण दृश्य दिसले. बसाल्टचे सात हजार खांब तेथे ढिगाने आणून टाकलेले होते. बसाल्ट म्हणजे सह्याद्रीचा काळा पत्थर, तोच.

हा पसारा मांडणारे योझेफ बॉइस हे मूर्तिकार. त्यांचा नियम साधा होता. नगरात एक झाड लावावयाचे आणि ढिगातील एक दगड उचलून त्या झाडाशेजारी रोवावयाचा. म्हणजे चौकातील अडगळ नाहीशी व्हावी असे ज्यास वाटेल, त्याला झाडे लावण्यावाचून गत्यंतर नव्हते!

लोक अर्थातच चिडले. कुणी रात्रीतून काही दगड गुलाबी रंगविले. मोटारी उभ्या करण्याची जागा झाडांनी बळकावली, ही तर नित्याची तक्रार. पण खरा प्रश्न तोच होता: रस्ता कोणाचा? मोटारवाल्याचा, नगरपालिकेचा, की सावलीत बसणाऱ्याचा? झाड कोठे लावावे हे बॉइस यांनी एकट्याने ठरविले नाही. शाळा, बालवाड्या, मोहल्ल्यांच्या समित्या यांनी जागा सुचविल्या. युद्धात बॉम्बवर्षावाने उद्ध्वस्त झालेल्या या नगरात आपल्या दारासमोरच्या भूमीविषयी लोक असे एकत्र बसून बोलू लागले. ते बोलणे हाही त्या कलाकृतीचाच भाग, असे मानावयास हरकत नाही.

प्रत्येक झाडामागे पाचशे मार्क देणगी घेतली जाई. ती अपुरी पडे, म्हणून बॉइस यांनी झारच्या मुकुटाची सोन्याची प्रतिकृती वितळवून तिचा ससा घडविला आणि विकला. जपानमधील व्हिस्कीच्या एका जाहिरातीतही ते झळकले. ध्येयवाद्यांना असा व्यवहार क्वचितच साधतो.

नाव ‘सात हजार ओक’ असले तरी त्यांत इतर जातींचीही झाडे आहेत. दगड आणि झाड यांची जोडी मात्र सर्वत्र आहे. आरंभी कोवळ्या रोपापेक्षा दगडच ठसठशीत दिसे. दगड वाढत नाही, झाड वाढते. त्यामुळे वर्षागणिक दोघांचे प्रमाण पालटत जाते.

बॉइस जानेवारी १९८६ मध्ये वारले. तोवर ढीग पुष्कळच खाली आला होता. १९८७ च्या जूनमध्ये, पुढील प्रदर्शनाच्या आरंभी, त्यांच्या मुलाने पहिल्या झाडाशेजारी शेवटचे झाड लावले. चौक मोकळा झाला.