नरनाळ्यावरील बंदिवान राजपुत्र

राजपुत्र म्हटला कीं हत्ती, अंबारी आणि मानमरातब यांचें चित्र आपल्या डोळ्यांपुढें उभें राहतें. परंतु बाप अकालीं वारला आणि मुलगा अज्ञान असला, म्हणजे हेंच राजकुळ त्या मुलास घातक ठरे. याचें उदाहरण शोधावयास दूर जाण्याचें कारण नाहीं. तेल्हाऱ्याच्या ईशान्येस सातपुड्याच्या रांगेंत नरनाळ्याचा किल्ला आहे. वऱ्हाडच्या इमादशाहीचा शेवटचा पुरुष बुऱ्हाण इमादशहा याचें बालपण तेथें कैदेंत गेलें.

या घराण्याचा संस्थापक फत्तेउल्ला इमाद-उल्-मुल्क हा विजयनगरच्या मुलखांत हिंदु कुळांत जन्मलेला. लहानपणीं तो बहामनी सैन्याच्या हातीं सांपडला, मुसलमान म्हणून वाढला आणि पुढें वऱ्हाडचा सुभेदार झाला. बहामनी सत्ता खिळखिळी होतांच इ. स. १४९० मध्यें तो स्वतंत्र झाला. एलिचपूर ही राजधानी; गाविलगड आणि नरनाळा हे तिचे आधार.

फत्तेउल्लाचा नातू दर्या इमादशहा इ. स. १५६२ च्या सुमारास वारला. त्याचा मुलगा बुऱ्हाण तेव्हां अगदीं लहान होता. वजीर तुफालखान यानें प्रथम त्याच्या नांवानें कारभार केला आणि मग त्यालाच नरनाळ्यावर कोंडून सत्ता बळकाविली. त्या काळीं फौज आणि जहागिरी सरदारांच्या हातीं असत. बालराजाच्या हातीं केवळ नांव असे. अहमदनगरचा मुर्तजा निजामशहा हाहि इ. स. १५६५ मध्यें अल्पवयांतच गादीवर आला. परंतु त्याची आई खुंजा हुमायून हिनें राज्याची सूत्रें आपल्या हातीं ठेविलीं. बुऱ्हाणला असा आधार मिळाला नाहीं.

पुढें याच मुर्तजानें तुफालखानास बजाविलें कीं, खऱ्या धन्यास मुक्त करून राज्य त्याच्या स्वाधीन कर. मागणी न्यायाची होती; हेतु मात्र निराळा होता. वऱ्हाड अहमदनगरनें घ्यावें, असें विजापूरकरांशीं आधींच ठरलें होतें. इ. स. १५७४ मध्यें नरनाळा आणि गाविलगड पडले. बुऱ्हाणची सुटका करावयास आलेल्या विजेत्यानें त्याला गादीवर बसविलें नाहीं. तुफालखान व त्याचा मुलगा यांच्याबरोबर दुसऱ्या किल्ल्यांत टाकलें. कैद करणारा आणि कैदी एकाच बंदिवासांत आले, आणि तेथेंच त्यांचा अंत झाला. वऱ्हाड निजामशाहींत सामील झालें.

एवढ्यानेंहि त्या घराण्याच्या नांवाचा उपयोग संपला नाहीं. लवकरच खानदेशच्या फारुकी सुलतानानें इमादशाही वंशाचा म्हणून एक तोतया पुढें केला आणि वऱ्हाडांत फौज धाडिली. मुर्तजानें तो डाव उधळून लावला.

तिघांनींहि त्या मुलाच्या हक्काचा उच्चार केला: एकानें कारभारासाठीं, दुसऱ्यानें स्वारीसाठीं, तिसऱ्यानें बंडासाठीं. त्याला राज्य मात्र कोणींच दिलें नाहीं. नरनाळ्याचा भव्य महाकाळी दरवाजा फत्तेउल्लानें इ. स. १४८७ मध्यें उभारला आणि तो आजहि उभा आहे. शत्रूला बाहेर ठेवण्यासाठीं पणजोबानें बांधिलेल्या त्या तटबंदीनें शेवटीं पणतूलाच आंत कोंडून ठेविलें.