पोपच पाखंडी निघाला तर?

कॅथलिक शिकवणुकीत पोपचा न्याय करू शकेल असे वरचे न्यायपीठ नाही. पण श्रद्धा उघडपणे सोडणारा माणूस चर्चचा घटक राहत नाही, हीही तिथलीच शिकवण. मग खुद्द पोपनेच श्रद्धा सोडली, तर त्याचे पद राहते की जाते?

आधी पाखंड म्हणजे काय ते पाहू. १९८३च्या कॅनन लॉचे, म्हणजे चर्चच्या कायद्याचे, कलम ७५१ सांगते : ईश्वराने प्रकट केलेले म्हणून चर्चने शिकवलेले सत्य बाप्तिस्मा झालेल्या माणसाने हट्टाने नाकारणे किंवा त्यावर हट्टाने शंका धरणे, म्हणजे पाखंड. यात हट्ट महत्त्वाचा. मोघम विधान किंवा न पटणारा निर्णय पाखंड ठरत नाही.

चौदाव्या शतकातले उदाहरण बघा. पोप जॉन बाविसावे यांनी आव्हिन्यों इथल्या प्रवचनांत सांगितले, की पुण्यवानांच्या आत्म्यांना अंतिम न्यायापूर्वी ईश्वराचे पूर्ण दर्शन होत नाही. धर्मपंडितांनी कडाडून विरोध केला. १३३४मध्ये मृत्यूपूर्वी पोपनी मत मागे घेतले. त्या मुद्द्यावर चर्चचा निर्णय तेव्हा झालेला नव्हता; तो १३३६मध्ये पुढच्या पोपनी दिला. म्हणून हे पाखंड ठरले नाही.

पोप होनोरियस पहिले यांची गोष्ट जास्त गंभीर. ख्रिस्ताच्या ठायी एकच इच्छाशक्ती आहे, या मताला त्यांच्या पत्रांनी बळ मिळाले. ६८०-६८१च्या कॉन्स्टँटिनोपल परिषदेने त्यांचा धिक्कार केला. पण ते ६३८मध्येच वारले होते, त्यामुळे पद जाण्याचा प्रश्न उरला नव्हता.

आता खरा पेच. कलम १४०४नुसार पोपचा न्याय कोणीही करू शकत नाही. बाराव्या शतकातल्या ग्रेशियनच्या चर्चकायद्याच्या संकलनात मात्र याला एक अपवाद नोंदला आहे : पोप श्रद्धेपासून ढळल्याचे आढळले तर. हा अपवाद लागू कसा करायचा, यावर दोन मोठी मते आहेत. सोळाव्या शतकातले कार्डिनल कायेतान म्हणतात, पद आपोआप जात नाही. चर्चने पोपला दूर करावे लागते. कार्डिनल रॉबर्ट बेलार्मिन म्हणतात, जो चर्चचा घटकच उरला नाही तो चर्चचे मस्तक असू शकत नाही. उघड पाखंडी पोपचे पद त्याच क्षणी जाते, आणि तो पोप न राहिल्यामुळेच चर्च त्याचा न्याय करू शकते.

कलम १९४ बेलार्मिनच्या विचाराजवळ जाते. उघडपणे श्रद्धा सोडणाऱ्याचे चर्चमधील पद कायद्यानेच जाते. पण त्याची अंमलबजावणी करायची, तर सक्षम अधिकाऱ्याची घोषणा लागते. पोपच्या बाबतीत हा अधिकारी कोण, हे कायदा सांगत नाही. काही धर्मपंडित विश्वपरिषदेचे नाव घेतात, काही कार्डिनलांचे. चर्चने यावर अधिकृत निवाडा दिलेला नाही.

१८७०च्या पहिल्या व्हॅटिकन परिषदेने सांगितलेली पोपची अचूकताही हा प्रश्न मिटवत नाही. ती श्रद्धा आणि नीतीविषयी सर्व चर्चला बंधनकारक ठरणाऱ्या औपचारिक घोषणेपुरती आहे. खासगी मताला ती लागू होत नाही.

सारांश असा : श्रद्धा पोपपेक्षा मोठी आहे, पण पद रिकामे झाल्याचा निकाल कोणा एकट्यादुकट्याने लावायचा नसतो. १९५८पासून पोपचे पीठ रिकामे आहे असे मानणारे काही गट इथेच चुकतात. पोपचे एखादे बोलणे खटकले, तर श्रद्धावंताला कलम २१२ने आदरपूर्वक मत मांडण्याचा हक्क दिला आहे. तो जरूर वापरावा. न्यायाधीशाच्या आसनावर मात्र बसू नये.